दादासाठी किडनी डोनर शोधतोय, पण नातेवाइकांना विचारायचं कसं? (इंदूर)

ताई_सुदामानगर | ८ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतीच वाचत होते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा दादा, वय ४१, इंदूरलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. बीपी होतं चार वर्षांपासून. गोळी कधी घ्यायचा कधी नाही, "डोकं दुखत नाहीये तर गोळी कशाला" हा त्याचा हिशेब. मागच्या नोव्हेंबरात पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या, आम्हाला वाटलं दिवाळीचं तळकट बाधलं. रिपोर्ट आला तर क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्तातला आकडा) ९.८. तेव्हापासून डायलिसिस, मंगळ गुरु शनि, चार चार तास. डाव्या हातात फिश्चुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी दोन रक्तवाहिन्या जोडल्यात, त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. त्याची धाकटी रात्री त्याच हाताला कान लावून झोपते.

पाण्याचं तर विचारू नका. एका लिटरच्या बाटलीवर त्याने काळ्या मार्करने ८०० ला रेघ मारलीय. सकाळी रेघेपर्यंत भरतो, दिवसभराचं एवढंच. अर्धा कप चहा प्यायला तर तेवढं पाणी बाटलीतून मोरीत ओततो, म्हणजे हिशेब चुकायला नको. जूनमध्ये, इंदुरात.

डॉक्टर म्हणतात वय कमी आहे, ट्रान्सप्लांट करून टाका. दादा ओ पॉझिटिव्ह. आई ओ आहे पण तिला १५ वर्षांपासून शुगर, पहिल्याच भेटीत नाही म्हणाले. बाबा नाहीत. वहिनी बी. मी ए, बाबांवर गेलेय. माझा ग्रुप सांगितला तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि मी खोटं बोलणार नाही, एक सेकंद मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग रात्रभर त्याचीच लाज वाटत राहिली.

आता उरले बाकीचे नातेवाईक. खटलं मोठं आहे आमचं, ग्रुपवर ४३ जण. पण माणसाला असं कसं विचारणार हो? पैसे मागता येतात, गाडी मागता येते, घर मागता येतं आठ दिवसांसाठी. किडनी कशी मागायची?

पोहाप्रेमी | ९ जून, सकाळी ७:१०

ताई, वाचून पोहे घशाखाली उतरेनात. मला काही माहिती नाही यातली पण धागा वर राहू दे म्हणून लिहितोय.

लॅबवाले_काका | ९ जून, सकाळी ९:३५

३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो.

पहिलं, ओ वाल्याला साधारणपणे फक्त ओ ची चालते. ओ देतो सगळ्यांना, घेतो फक्त ओ कडून, असा हा गरीब स्वभावाचा ग्रुप. पॉझिटिव्ह निगेटिव्हचं किडनीत काही नसतं, लोक त्यावरूनच घाबरून मागे सरतात, तेव्हा हे सगळ्यांना सांगा.

दुसरं, लोकांना वाटतं "मॅच होणं" म्हणजे पत्रिका जुळण्यासारखं, ३६ गुण पाहिजेत. तसं नाही राहिलेलं आता. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जितक्या जुळतील तितकं चांगलं, पण नाही जुळल्या तरी नवराबायकोत रोज ट्रान्सप्लांट होताहेत. अडतं ते क्रॉसमॅचला. पेशंटचं सीरम आणि डोनरच्या पेशी एकत्र करून बघतात, पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून तयार असतील तर नवीन किडनीवर लगेच हल्ला होतो.

म्हणून विचारतो, दादाला रक्त चढवलंय का कधी?

ताई_सुदामानगर | ९ जून, दुपारी १:०५

हो काका, नोव्हेंबरात दोन बाटल्या. हिमोग्लोबिन ५.९ होतं.

लॅबवाले_काका | ९ जून, दुपारी १:२०

हरकत नाही, त्या वेळी गरज होती. पण यापुढे टाळता येईल तितकं टाळा, एरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन आणि आयर्न यावर भागतं का विचारा. परक्या रक्तातून अँटीबॉडी तयार होतात. बायकांत बाळंतपणातूनही होतात, बाळात नवऱ्याचे अर्धे गुण असतात ना. नवऱ्याची किडनी बायकोला देताना कधी कधी तिथेच घोडं अडतं.

लष्करवाला_ग्वाल्हेर | ९ जून, रात्री १०:४०

एवढं भावनिक होऊन काय उपयोग. प्रॅक्टिकल बोलू. आमच्या ओळखीत एकाचं सगळं बाहेरच्या बाहेर झालं, कागद पण तेच लोक बनवतात. नंबर पाहिजे तर देतो. [नंबर काढला आहे. नियंत्रक]

कट्ट्यावरचा_वकील | ९ जून, रात्री ११:१५

लष्करवाले, प्रॅक्टिकलच बोलतो मी पण. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आहे, २०११ ला कडक केला. अवयवासाठी पैसे देणं, घेणं, जुळवून देणं, सगळ्याला ५ ते १० वर्षं आणि २० लाख ते १ कोटी दंड. पैसे देणाराही आत जातो, नुसता विकणारा नाही. "कागद तेच बनवतात" म्हणजे कोणाला तरी खोटी बायको नाहीतर खोटा भाऊ करतात आणि उद्या पोलीस आले की पेशंट आयसीयूतून कोर्टात.

ताई, कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवराबायको, आईवडील, मुलगा मुलगी, भाऊ बहीण, आजी आजोबा आणि नातवंडं. आजी आजोबा नातवंडं २०११ ला आली. बस. काका, मामा, आत्या, मावशी, चुलत भाऊ, मेहुणा, जावई यातलं कोणी यात नाही. ते देऊ शकतात, पण प्रेमापोटी देताहेत, पैसे किंवा दबाव नाही, हे ऑथोरायझेशन कमिटीसमोर, म्हणजे मंजुरी देणाऱ्या समितीसमोर, दाखवावं लागतं. डोनरची प्रवासाची, बुडालेल्या पगाराची भरपाई केली तर ती मात्र खरेदीत धरत नाहीत.

नियंत्रक | १० जून, सकाळी ८:००

पुन्हा नंबर टाकल्यास आयडी बंद होईल. धागा चालू राहील.

बडोद्याची_सून | १० जून, दुपारी ३:२५

ताई, मी दिलीय. माझ्या भावाला, २०१४ साली. माहेर इंदूर, सासर बडोदे, ऑपरेशन अहमदाबादला, सिव्हिलच्या आवारातल्या डॉ. एच. एल. त्रिवेदींनी उभारलेल्या किडनी हॉस्पिटलात.

तुम्ही लिहिलंत ना की एक सेकंद सुटल्यासारखं वाटलं, ते वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. मला उलट झालं होतं. मॅच आलं तेव्हा भाऊ रडला, आई रडली, सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मला कोणी विचारलंच नव्हतं. "तू देशीलच" असं धरूनच चालले होते सगळे. शेवटी विचारलं ते डॉक्टरांनी. मला एकटीला आत बोलावलं, दार लावलं, म्हणाले नको असेल तर सांगा, आम्ही घरच्यांना मेडिकल कारण सांगू, तुमचं नाव येणार नाही. त्या वाक्यानंतर मी हो म्हटलं. त्याआधीचं माझं हो हो नव्हतंच.

म्हणून एकच सांगते, समोरासमोर कोणाला विचारू नका. चहाला जाऊन, पोरांना सोबत नेऊन, अजिबात नाही. सगळ्यांना एकच मेसेज टाका, माहितीचा. दादाने लिहायचा नाही, तुम्ही लिहा. आणि उत्तर तुमच्याकडे मागू नका, हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडे पाठवा. म्हणजे कोणी चौकशी करून मागे फिरला तर तुम्हाला कळणारही नाही.

पोहाप्रेमी | १० जून, दुपारी ४:००

बडोदेताई, आता तब्येत कशी असते? म्हणजे एकावर चालतं का नीट?

बडोद्याची_सून | १० जून, रात्री ९:४५

चालतं. दुर्बिणीतून करतात, मी पाचव्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, आत गॅस भरतात त्याने, हे मला आधी कोणीही सांगितलं नव्हतं. डावी काढली, डावीची शीर लांब असते म्हणून शक्यतो तीच घेतात. दीड महिना जड उचललं नाही. उरलेली किडनी हळूहळू जास्त काम करायला लागते, एकूण काम साधारण सत्तर टक्क्यांवर येतं. वर्षाला एकदा क्रिएटिनिन, लघवी, बीपी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या बंद. धोका शून्य नाही, पुढे किडनी बिघडायची शक्यता किंचित वाढते, ते सही घेताना नीट समजावतात. ज्यांना अजून मूल हवंय त्यांना गरोदरपणात बीपी वाढायचा धोकाही थोडा जास्त, तेही सांगितलं पाहिजे.

ताई_सुदामानगर | १२ जून, रात्री १२:३०

मेसेज लिहिलाय, बघा बरं.

"सर्व आदरणीय मंडळींना सविनय नमस्कार. आपल्या लाडक्या दादावर नियतीने घाला घातला आहे. त्याची दोन चिमुकली पोरं तुमच्याकडे आशेने बघत आहेत. आपल्या घराण्यात कोणीतरी देवदूत नक्की आहे..."

कट्ट्यावरचा_वकील | १२ जून, सकाळी ८:२०

ताई हा शोकसंदेश झाला. दादा आहे अजून.

बडोद्याची_सून | १२ जून, सकाळी ९:००

पोरं काढा. देवदूत काढा. देवदूत म्हटलं की जो देणार नाही तो कोण ठरतो सांगा? ग्रुप, वय, कोणाला चालतं, कोणाला फोन करायचा, बस.

ताई_सुदामानगर | १३ जून, रात्री १०:१०

परत लिहिलं.

"नमस्कार. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत, नोव्हेंबरपासून डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सुचवलंय. आईला शुगर आहे, वहिनीचा आणि माझा ग्रुप जुळत नाही. त्याला फक्त ओ चालतो, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. १८ च्या वरचं, तब्येतीने चांगलं कोणीही तपासून घेऊ शकतं. माहिती हवी असेल तर खालच्या नंबरवर कोऑर्डिनेटर मॅडमशी थेट बोलावं, कोणी फोन केला ते त्या आम्हाला सांगणार नाहीत. आम्ही कोणाला फोन करून विचारणार नाही. कोणी काही बोललं नाही तर आम्हाला वाईट वाटणार नाही."

लॅबवाले_काका | १३ जून, रात्री १०:३०

शेवटचं वाक्य खोटं आहे. वाईट वाटणारच. "संबंधात फरक पडणार नाही" लिहा, तेवढं तुमच्या हातात आहे.

ताई_सुदामानगर | १३ जून, रात्री १०:३४

बदललं. पाठवला. हात थरथरतोय.

ताई_सुदामानगर | २० जून, रात्री ११:००

सात दिवस झाले. ४३ पैकी ४१ जणांनी वाचला, निळ्या टिकल्या दिसतात ना. १९ जणांनी हात जोडले. एका काकांनी काढ्याची कृती पाठवली, त्यात गोखरू होतं आणि अजून आठ वस्तू. एका वहिनीने कुठल्याशा बाबांचा पत्ता. बाकी शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर परत सुप्रभात सुरू, कमळाचा फोटो.

मी फोन केलेला नाही कोणाला. जीभ चावून बसलेय.

लॅबवाले_काका | २१ जून, सकाळी ७:४५

काढा देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. वनस्पतींत पोटॅशियम असतं, आणि डायलिसिसवाल्याचं पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, नारळपाण्याने सुद्धा. बटाटा खायचाच असेल तर बारीक चिरून, भरपूर पाण्यात बुडवून ठेवून, ते पाणी फेकून मग शिजवा. सेव आणि जिरावनला तर राम राम करा, मीठच मीठ.

पोहाप्रेमी | २१ जून, सकाळी ८:०२

इंदूरच्या माणसाला सेव बंद म्हणजे काका तुम्ही जन्मठेपच सुनावली.

स्वॅपवाली | २३ जून, दुपारी २:१५

आमची केस स्वॅपची, म्हणजे दोन जोडप्यांत डोनरची अदलाबदल. मी डोनर बी, पेशंट नवरा ए. दुसऱ्या जोडप्यात डोनर नवरा ए, पेशंट बायको बी. मी त्यांच्या बायकोला दिली, त्यांनी माझ्या नवऱ्याला. दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे कोणी मध्येच फिरायला नको. दोन्हीकडे जवळचे नातेवाईक असले की कायद्याने चालतं.

पण ताई, ओ वाल्यांना स्वॅप अवघड हे आधीच सांगते. ओ डोनर आपल्या माणसाला सरळच देऊ शकतो, तो स्वॅपमध्ये कशाला येईल? येतो तो क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तरच. तरी तुमचं आणि वहिनींचं नाव लावून ठेवा, काय सांगावं. आणि मृत दात्याच्या यादीतही दादाचं नाव घाला, दोन्ही एकत्र चालतं. २०२३ पासून राज्याच्या रहिवासी दाखल्याची अट काढलीय, ६५ वयाचीही.

ताई_सुदामानगर | ३० जून, दुपारी ४:४०

दोन्ही नावं लावली. इंदुरात ग्रीन कॉरिडॉर (मृत दात्याचे अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात ते) बरेच होतात म्हणून आई रोज पेपर उघडून तेच पान शोधते. काल म्हणाली, "आज कोणी नाही." मग एकदम गप्प झाली. आपण काय वाचत बसलोय ते तिच्या लक्षात आलं बहुतेक.

ताई_सुदामानगर | १९ जुलै, रात्री ११:२०

अपडेट, आणि आज मला खूप राग आलेला आहे.

भोपाळचा चुलत भाऊ, दादाच्याच वयाचा, स्वतःहून आला २ जुलैला. म्हणाला मी देतो, ओ आहे. दादाने त्याला मिठी मारली. पहिल्या टेस्ट झाल्या, ठीक होत्या. पुढच्या आठवड्यात सीटी अँजिओ होती, आला नाही. फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर नाही. त्याच्या बायकोने परवा ग्रुप सोडला. अरे नाही द्यायची तर नको देऊ, पण आशा कशाला लावतोस माणसाला??

लष्करवाला_ग्वाल्हेर | १९ जुलै, रात्री ११:५०

असेच असतात आपले लोक. मदतीच्या वेळी पळतात.

बडोद्याची_सून | २० जुलै, सकाळी ६:३०

नाही. ताई, तुम्ही पोळल्यात, तरी बोलते. त्याला हो म्हणायला दोन मिनिटं लागली, नाही म्हणायला जागाच राहिली नाही. मिठी मारलीत, पेढे वाटले असतील.

ताई_सुदामानगर | २० जुलै, सकाळी ७:१५

पेढे नाही. आईने पुरणपोळी केली.

बडोद्याची_सून | २० जुलै, सकाळी ७:२२

तेच ते. आता त्या पोराला सोडवा. एक ओळ पाठवा, दोष नको, प्रश्न नको.

ताई_सुदामानगर | २० जुलै, रात्री १०:००

पाठवली. "टेस्टचं राहू दे, दुसरी सोय बघतोय, राखीला ये." खोटं आहे, दुसरी कुठली सोय. दहा मिनिटांत उत्तर, "येतो." दादाला सांगितलं तर म्हणतो, मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, त्याचा हात थंड होता मिठी मारताना.

ताई_सुदामानगर | २८ ऑगस्ट, रात्री १२:१०

जागे आहात का कोणी? आत्या.

आमची धाकटी आत्या, ५८ वर्षांची, देवासला राहते, शाळेतून रिटायर, काका जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला. आज आली, हातात फाइल. तिने जुलैपासून गुपचूप कोऑर्डिनेटरकडे जाऊन सगळ्या टेस्ट केल्यात. देवासहून बसने येऊन, आमच्या घराच्या दोन किलोमीटरवर, आणि आम्हाला पत्ता नाही! चोवीस तासांची लघवी, डीटीपीए (किडनीचं स्कॅन), मॅमोग्राम, साखर पाजून घेतात ती टेस्ट, सगळं. शेवटचा क्रॉसमॅच परवा आला, निगेटिव्ह, म्हणजे अडथळा नाही. दादाचं सीरम त्या लोकांनी नेहमीच्या रक्ताबरोबरच घेतलं होतं म्हणे.

फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ओ आहे मी. तुम्ही कोणी माझा विचारच केला नाहीत ना?"

खरंच नव्हता केला. मी मनात यादी केली होती, तिच्यात आत्याचं नावच नव्हतं. वय झालं, एकटी आहे, असं काहीतरी धरूनच चालले असेन मी.

लॅबवाले_काका | २८ ऑगस्ट, सकाळी ५:५५

वय अडत नाही, रिपोर्ट अडतात. ५८ ची धडधाकट बाई गोळ्या खाणाऱ्या ३० च्या माणसापेक्षा बरी. अभिनंदन लवकर नको, पण आज चहात साखर एक चमचा जास्त घातली.

खजुरी_बाजार | २८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

आवडणार नाही तरी लिहितो. आपल्या देशात जिवंत डोनर बघा, बायकाच जास्त. आई, बायको, बहीण, आता आत्या. घेणारे बहुतेक पुरुष. विधवा, एकटी, नाही म्हणायला कोणी पाठीशी नाही. ४१ लोकांनी मेसेज वाचला त्यात पुरुष किती होते? ही सोपी सापडली का?

ताई_सुदामानगर | २८ ऑगस्ट, रात्री ९:१५

दिवसभर उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी तुमची कमेंट आत्यालाच वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरोबर विचारतोय तो." मग म्हणाली, "पण त्याला सांग, मी ३४ वर्षं आठवीचा वर्ग सांभाळलाय, मला कोणी सोपी म्हणत नाही." पुरुष २२ होते त्या ४१ मध्ये, मोजले मी.

कट्ट्यावरचा_वकील | २९ ऑगस्ट, सकाळी ९:४०

खजुरींचा प्रश्न कमिटी विचारणारच आहे, तयारीत राहा. आत्या कायद्याने जवळची नातेवाईक नाही, फॉर्म ३ लागेल. डोनर बाई असेल तर तिची संमती पेशंट सोडून दुसऱ्याकडून स्वतंत्र पडताळायची असा नियमच आहे. तिचा आणि दादाचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा पुरावा. नात्याचे कागद. जुने फोटो. तिच्या मुलालाही बोलावतील.

ताई_सुदामानगर | १४ डिसेंबर, रात्री ११:३०

झालं. मंजुरी मिळाली. साडेतीन महिने कागदांत गेले. आत्याच्या माहेरच्या नावाचं स्पेलिंग मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरंच. तीन अॅफिडेव्हिट. एका ऑफिसात बाबूने फाइल बघून विचारलं "आत्या म्हणजे बुआ ना, मग भाऊ कुठे आहे?" भाऊ म्हणजे माझे बाबा, ते गेले, तर त्यांचाही मृत्यूचा दाखला जोडा.

पुराव्याला जुने फोटो मागितले. आईने माळ्यावरची ट्रंक काढली. दादाच्या मुंजीतला सापडला, रामबागेत झाली होती. मातृभोजनाच्या पंगतीत मुंडण केलेला दादा, मागे आत्या नऊवारीत, आणि ती त्याच्या ताटातली जिलबी उचलताना पकडली गेलीय, तोंडात अर्धी. हा फोटो झेरॉक्स करून, नोटरीचा शिक्का मारून, सरकारी फाइलीत लागलाय. जिलबीवरच बसलाय शिक्का.

आत्याला एकटीला आत बोलावलं, व्हिडिओ चालू होता. वीस मिनिटांनी बाहेर आली. काय विचारलं तर म्हणाली, किती पैसे मिळणार असं फिरवून फिरवून विचारत होते. "मी म्हटलं, उलट तोच माझी जिलबी देणं लागतो." पुण्याच्या भावालाही विचारलं. तो म्हणाला मला भीती वाटते पण आईचा निर्णय आहे. आत्या बाहेर येऊन त्याला म्हणाली, भीती वाटते हे आत सांगितलंस ते चांगलं केलंस.

खजुरी_बाजार | १५ डिसेंबर, सकाळी ८:१०

आत्याबाईंना नमस्कार सांगा. माझ्या कमेंटचा राग नसावा.

ताई_सुदामानगर | २२ जानेवारी, दुपारी ३:५०

काल झालं. दोघं ठीक. जुन्या किडन्या तशाच ठेवतात, नवी पोटात खाली उजवीकडे बसवतात, हे माहीत असूनही वहिनीने डॉक्टरांना विचारलं "मग आता तीन झाल्या?" तर ते हसले, हो म्हणाले. लघवी टेबलावरच सुरू झाली म्हणे. आत्या शुद्धीवर येताच खांदा खांदा करत होती. बडोदेताई, तुमचं सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरली नाही.

बडोद्याची_सून | २२ जानेवारी, दुपारी ४:०१

मी ऑफिसात रडतेय, लोक बघताहेत, बघू दे.

ताई_सुदामानगर | ११ मार्च, रात्री १०:२०

सात आठवडे झाले. क्रिएटिनिन १.२. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, घड्याळ लावून, आता आयुष्यभर. आधी गोळी चुकवणारा माणूस सकाळी आठच्या ठोक्याला ताटकळत बसतो. मास्क लावून गच्चीत फिरतो. सराफ्यातलं रात्रीचं खाणं इतक्यात नाही, कच्चं उघड्यावरचं काही नाही. आत्या देवासला परत गेली, शेजारणींनी डिंकाचे लाडू आणून आणून वैताग आणलाय तिला. म्हणते, मी बाळंतीण आहे का?

एक भांडण मात्र रोज. डॉक्टरांनी दादाला दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलंय आणि तो पीत नाही. वर्षभर घोट मोजून सवय गेलीय, घसा नको म्हणतो. वहिनीने तीच बाटली काढली, काळी रेघ तशीच आहे. रोज तीनदा काठोकाठ भरून समोर ठेवते आणि रिकामी होईपर्यंत उठत नाही. कोणाचा अनुभव असेल तर सांगा, पाणी प्यायला कसं लावायचं?

पोहाप्रेमी | ११ मार्च, रात्री १०:२६

लिंबू पिळून द्या. चालतं ना काका?

लॅबवाले_काका | १२ मार्च, सकाळी ६:१०

लिंबू थोडं चालेल, डॉक्टरांना विचारून. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नको, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते.

नवीन_सभासद | १२ मार्च, दुपारी १२:४५

पूर्ण धागा वाचला. माझ्या सासऱ्यांना डायलिसिस सांगितलंय, ग्रुप बी. दिरांना कोणी बोलायचं यावरून घरात चार दिवस अबोला आहे. ताई, तो तुमचा मेसेज जसाच्या तसा वापरला तर चालेल का?

ताई_सुदामानगर | १२ मार्च, दुपारी १:०२

वापरा ना. बी वाल्याला बी आणि ओ दोन्ही चालतात, तेवढं बदला. आणि तुम्ही सून आहात, नंबर कोऑर्डिनेटरचाच द्या, तुमचा नको.